सूनबाईची बाटली

मंगळवार, ३

रक्तदाब सकाळी चढा, संध्याकाळी बरा. डॉक्टरांनी रोज एवढंच लिहून ठेवायला सांगितलंय. पण पान केवढं मोठं! जन्मभर औषधांचं दुकान चालवलं, फडताळात बोटभर जागा रिकामी दिसली तरी मला चैन पडत नसे. तेव्हा उरलेल्या पानावर घरातलं काहीबाही लिहीन म्हणतो. कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

घर म्हणजे तेलाच्या विहिरींलगतच्या वसाहतीतलं क्वार्टर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पंप दिसतात, दिवसभर माना वर-खाली करणारे. ही गेल्यावर दुकान विकून मी मुलाकडे राहायला आलो. चिरंजीवांचं काम विहिरींवर उपचार करण्याचं. एखादी विहीर मंदावली की तिच्या पोटात रसायनं ढकलायची. सूनबाई इथल्याच प्रयोगशाळेत तेल तपासते. म्हणजे घरात एक डॉक्टर, एक तपासणीवाली आणि मी निवृत्त औषधवाला. आता विहिरी उचलून आणून ओसरीत झोपवायच्या, एवढंच बाकी राहिलंय.

आज जेवताना दोघांचं वाजलं. निमित्त सात नंबरची विहीर. ती गेले काही महिने आचके देतेय.

"सात नंबरला ॲसिड द्यायचं ठरलंय," चिरंजीव म्हणाले. "खडकाच्या भोकांत चुना बसलाय. ॲसिडनं विरघळेल, विहीर मोकळी होईल. मोठ्या साहेबांनी मंजुरी दिली."

"चुना बसलाय हे कुणी बघितलं?" सूनबाईने भाताचा घास तसाच ताटात ठेवला.

"मग काय बसलंय?"

"मला वाटतं, तेलातलंच काळं. खोल दाबाखाली असतं तोवर ते तेलात मिसळलेलं असतं. दाब उतरला की फुटून वेगळं होतं आणि खडकाला चिकटतं. त्याच्यावर ॲसिड ओतलंस ना, तर त्याचा डिंक होईल. मग ती विहीर कायमची गेली म्हणून समज."

"वर येणाऱ्या तेलात कुठाय तुझं काळं?"

"ते खालीच चिकटून बसलंय, म्हणून तर वर येत नाही! वर येतं ते गाळून राहिलेलं."

मला एवढंच उमगलं की दूध नासतं तसं काहीतरी आहे, आणि भांडं उघडल्याशिवाय ते नासलंय की नाही हे कळणार नाही. भांडं मात्र जमिनीखाली डोंगराच्या उंचीइतकं खोल. मी कुणाचीच बाजू घेतली नाही. दोघांच्या मध्ये पडलो तर चेंगरेन.

शुक्रवार, ६

शेजारच्या गृहस्थांनी आज कुंपणावरून विचारलं, "तुमची सून मागच्या शेडमध्ये एवढं काय करते हो?" मी म्हटलं, "बाटली." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. चेहऱ्यावरून बहुधा त्यांना माझ्याबद्दल वाईट वाटलं.

ती बाटली आज मी पहिल्यांदा नीट पाहिली. पोलादाची, मनगटाएवढी जाड, हातापेक्षा जरा लांब. विहिरीच्या तळाशी तारेने सोडायची. आतलं घड्याळ ठरल्या वेळी तोंड उघडतं, तेल आत घेतं आणि तोंड मिटतं. अशा बाटल्या पूर्वीपासून आहेत, पण त्यांचं एक दुखणं असतं. खाली भट्टीसारखं गरम. वर येताना बाटली गार होते, तेल आकसतं, दाब पडतो, आणि जे बघायचं तेच बिघडून जातं. सूनबाईने आत एक दट्ट्या बसवलाय आणि त्याच्या पाठीमागे नायट्रोजन ठासून भरलाय. तेल आकसलं की वायू दट्ट्याला पुढे रेटतो. तेलाला आपण वर आलो हे कळतच नाही!

"बाळाला झोपेत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं, तसं," ती म्हणाली.

बाटलीला तिने डोळाही दिलाय. वर आणलेलं तेल तसंच दाबात ठेवून एका अरुंद खिडकीपाशी आणायचं. खिडकीच्या एका बाजूने उजेड सोडायचा, दुसऱ्या बाजूला तो मोजायचा. मग दाब हळूहळू उतरवत जायचा. काळं फुटलं की उजेड पडद्यामागे गेल्यासारखा विझतो. न फुटलं तर उजेड तसाच राहतो.

मी आयुष्यभर बाटल्या हाताळल्या. निळ्या, तपकिरी, खुणांच्या, थेंबांच्या. अशी बाटली पाहिली नव्हती. तिच्यापाशी उभा राहून उगाचच खाकरलो आणि म्हणालो, "ठीक आहे. बूच जरा घट्ट हवं." ती हसली. कौतुक मला तोंडावर करता येत नाही, हीसुद्धा तेच म्हणायची.

मोठ्या साहेबांनी अट घातलीय. ॲसिडचे टँकर येईपर्यंत काय नमुना घ्यायचा तो घ्या. त्यात काळं दिसलं तर थांबू, नाहीतर ॲसिड.

मंगळवार, १०

पहिली फेरी वाया.

मीही गेलो होतो, हेल्मेट घालून. ते मला मोठं होतं, मान वळवली की मागेच राहायचं. तारवाला आपल्या ट्रकवरच्या भल्यामोठ्या रिळावरून तार सोडत होता. पक्का अबोल माणूस. एक तळहात तारेवर ठेवून डोळे मिटून बसतो. बाटली खाली गेली, बराच वेळ काही नाही, मग वर आली. उघडून बघितली तर दाब गेलेला. आत फेस आणि पाणी.

सूनबाई ट्रकच्या पायरीवर बसली आणि बाटली सुटी करायला लागली. मला वाटलं, आता रडते. तिने आतली काळी रबरी रिंग काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"बघा बाबा. फुगलीय. खालचा वायू रबरात घुसला. वर आल्यावर रबर फुगलं आणि फाटलं." तिच्या आवाजात दुःख नव्हतंच, उलट चोर सापडल्याचा आनंद! मी असतो तर रिंग फेकून घरी जाऊन झोपलो असतो.

चिरंजीव लांब उभे होते, हात मागे बांधून. येऊन दोन शब्द बोलावेत की नाही? जाताना फक्त एवढंच म्हणाले, "टँकर शनिवारी निघणार होते. मंगळवारपर्यंत लागेल बहुतेक, तिकडे गर्दी आहे." बायको अडचणीत आणि ह्याला टँकरची पडलीय.

गुरुवार, १२

सूनबाईने नव्या रिंगा कातून घेतल्या, रबराच्या ऐवजी टणक पांढऱ्या टेफ्लॉनच्या. दोन दिवस तिच्या पोटात चहाशिवाय काही नाही. दुपारी डॉक्टरांना भेटून दवाखान्यातून परत आलो तर शेडचं दार उघडं. ही बाई टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपलेली, हातात अजून पाना. समोर स्वच्छ कापडावर बाटलीचे सुटे भाग मांडलेले.

उठवायचं जिवावर आलं. म्हटलं, निदान जोडून तरी ठेवू, जोडणी मला तिनेच शिकवलीय. बाटली उजेडाकडे धरून आत पाहिलं तर तळाशी एक तपकिरी कडं! माझ्या दुकानातून अशी बाटली बाहेर गेली असती तर मी तो दिवस जेवलो नसतो. साबणाने ते निघणारं नव्हतं. फळीवर लाल कॅन असतो, त्यातलं उग्र वासाचं पाणी ती नळ्या धुवायला वापरते हे मी पाहिलं होतं. तेच घेतलं, खळबळवलं, ओतलं, पुन्हा घेतलं. कडं जरा फिकं झालंसं वाटलं, बाकी बाटली आरशासारखी झाली. फडक्याने पुसली नाही, धागे राहतात. ओली असतानाच बंद केली म्हणजे धूळ शिरत नाही. दुकानाची शिस्त.

जाग आल्यावर ती दचकली. "बाबा, तुम्ही जोडलीत?"

"हो."

"रिंग बसली नीट?"

"बसली. सगळं अगदी व्यवस्थित आहे."

तिने डोळे चोळले आणि म्हणाली, "तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं!" धुतल्याचं मी बोललो नाही. केलेल्या कामाचे ढोल बडवत फिरण्यातला मी नव्हे. हाताला अजून रंगाच्या दुकानासारखा वास येतोय. रक्तदाब उत्तम.

शनिवार, १४

आली! भरलेली आली! दाब जसा खाली होता तसाच वर. सूनबाईने दाबमापकाचा काटा सगळ्यांना एकेक करून दाखवला, मला दोनदा. तारवाला डोळे उघडून म्हणाला, "आली की हो!" त्याचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला, बारीक आहे.

मोठे साहेबही वाकून पाहून गेले. म्हणाले, "बाटली मानली. आता आत काय आहे ते बघू." मला इतकी धन्यता वाटली की येता-जाता तिघांना सांगितलं, ही माझी सून. त्यातला एक तर तिच्याच प्रयोगशाळेत आहे.

रविवार, १५

काय लिहू.

प्रयोगशाळेत आम्ही पाच जण होतो. तेल खिडकीपाशी आणलं. उजेड सोडला. सूनबाईने दाब उतरवायला सुरुवात केली, अगदी सावकाश, गरम चहा बशीत ओतताना ओततात तसा. पडद्यावर उजेडाची रेघ. सगळे तिच्याकडे बघत होते. रेघ सरळ चाललेली. दाब उतरला, आणखी उतरला. रेघ सरळच.

शेवटी काही उतरवायचं उरलंच नाही. तेल स्वच्छ. काळं नाही.

तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "नमुन्यात काळं नाही. माझा अंदाज चुकला." एवढं सरळ! मोठ्या साहेबांनाच अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, वाटल्यास आणखी दोन दिवस विचार करा. ती म्हणाली, विचार झाला, आणि तिथेच निकालावर सही केली.

घरी येताना मी म्हटलं, "अगं, एवढी घाई कशाला? बाटलीतच काही बिघाड असेल."

"बाबा, बाटली मी बनवली. माझ्या बाजूनं बोलली असती तर खरी म्हटली असती. आता माझ्याविरुद्ध बोलली म्हणून खोटी म्हणू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. अशी ताठ मानेने हरणारी पाहिली नव्हती. चिरंजीव मात्र बाहेर जाऊन फोनवर टँकरबद्दल बोलत बसले. जिंकलेत ना.

मंगळवार, १७

टँकर आले नाहीत. चिरंजीव म्हणतात, एकाच्या झडपेला गळती निघाली, परत पाठवला. मी म्हटलं, निघण्याआधी बघायचं असतं. ते म्हणाले, "हो बाबा, बघायला हवं होतं."

सूनबाई रोज प्रयोगशाळेत जाऊन तोच नमुना पुन्हा पुन्हा तपासतेय. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, "सही केलीय, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे तेल आपल्या स्वभावापेक्षा गोड वागतंय. शेजारच्या विहिरीचं तेल असं नाही."

बुधवार, १८

टँकर फाटकापर्यंत आले आणि परत गेले. कागदावर शिक्का चुकीचा म्हणे. शिक्का बघण्याचं काम चिरंजीवांचं, आणि त्यांनीच अडवले. मोठे साहेब त्यांच्यावर सगळ्यांसमोर ओरडले. मान खाली घालून ऐकून घेतलं. लहानपणी हा मुलगा इतका टापटीप होता, वह्यांना कव्हरं घालायचा. कामात एवढा ढिला कधी झाला कोण जाणे. ही असती तर म्हणाली असती, बापावर गेला नाही.

गुरुवार, १९

जेवताना चिरंजीवांनी सहज विचारलं, "समजा तुझंच खरं निघालं असतं, तर सात नंबरला तू काय दिलं असतंस?"

"झायलीन," सूनबाई म्हणाली. "काळं विरघळतं ते त्याच्यातच. आपल्या शेडमध्ये लाल कॅन आहे ना, तेच."

मी पाणी प्यायलो. मग आणखी प्यायलो.

रक्तदाब मोजला नाही.

शुक्रवार, २० – सकाळी

झोप नाही. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

आधी वाटलं, चार थेंबांनी काय होतंय. मग आठवलं, चार थेंब नव्हते. बाटली तिरकी केली तेव्हा आत चांगलं डुचमळलं होतं. तरी ओली बंद केली. शिस्त म्हणे.

मग वाटलं, सांगून कुणाचं भलं होणार? तिने सही केलीय. आता कळलं की बाटली घरातल्या म्हाताऱ्याने विसळली होती, तर लोक म्हणतील, हा काय पोरखेळ लावलाय. तिची बाटली पुन्हा कुणी विहिरीत सोडणार नाही. न सांगावं तर चुना बसलाय असंही निघेल, विहीर सुरू होईल, सगळे विसरतील. हे सगळं मी मनाशी अगदी पटवून घेतलं. इतकं चांगलं पटलं की मला माझीच भीती वाटली.

दुकानात एकदा चुकीची पुडी गेली असती तर? धावत जाऊन गिऱ्हाईकाच्या हातातून काढून घेतली असती, वाटेत चप्पल निघाली तरी थांबलो नसतो. इथे तर गिऱ्हाईक माझ्याच घरात राहतंय. आत्ता खिडकीतून टँकर दिसले, दोन, सात नंबरच्या वाटेला वळताना. उठतो.

शुक्रवार, २० – संध्याकाळी

सांगितलं.

शेडमध्ये ती हत्यारं आवरत होती. मी दारातच सगळं एका दमात बोललो. वर मी म्हटलं, "बोल काहीतरी. रागाव."

"किती होतं आत?" तिने विचारलं.

"काय?"

"झायलीन. बंद केलीत तेव्हा आत किती राहिलं असेल? आठवा."

मी हाताने दाखवलं. तिने तेवढंच पाणी एका पेल्यात ओतायला लावलं, मी ओतलं, तिने मोजलं. "आणि तपकिरी कडं? ते भट्टीत तापवल्यानं पोलादावर आलं होतं, बाबा. ती घाण नव्हती. मी ती धुऊन, तापवून, वायूनं कोरडी करून ठेवली होती." मग तिने नळाखाली तोंड धुतलं, पदराला पुसलं आणि म्हणाली, "चला."

आम्ही पोचलो तेव्हा टँकरच्या नळ्या विहिरीला जोडून झाल्या होत्या. चिरंजीव झडपेपाशी उभे. मोठे साहेब घड्याळ बघत होते.

"साहेब, माझा नमुना खोटा आहे," सूनबाई म्हणाली. "बाटलीत झायलीन राहिलं होतं. त्यानं काळं विरघळवलं असणार. चूक माझ्या कामातली आहे."

"तिच्या नाही, माझ्या," मी पुढे झालो. हेल्मेट डोळ्यांवर आलं, ते मागे सारलं. "ती झोपलेली असताना मी न विचारता बाटली धुतली. तिला आजच सांगितलं. तिचा ह्यात काही दोष नाही."

मोठे साहेब माझ्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. "म्हणजे रविवारी नमुना खरा होता, आज खोटा. उद्या काय सांगाल? मी विश्वास ठेवायचा कुणावर?"

"ह्यांच्यावर ठेवा," ती म्हणाली. तिचं बोट माझ्याकडे होतं. "ह्यांना गप्प बसता आलं असतं. मला कधीच कळलं नसतं."

साहेब काही बोलायच्या आत चिरंजीवांनी झडप बंद केली आणि ओरडले, "नळ्या काढा!" माणसं कामाला लागलीसुद्धा. इतक्या दिवसांत ह्याला एवढ्या चपळाईने काम करताना आजच पाहिलं.

साहेबांनी एक फेरी दिली. शेवटची.

शनिवार, २१

बाटली मी धुतली. मी नाही म्हणत होतो, हात जोडले. सूनबाई म्हणाली, "तुम्हीच धुणार. मी सांगेन तशी." मग झायलीन, मग भट्टी, मग वायूचा झोत, मग पुन्हा वायू. मधे एकदा ती फोन घ्यायला बाहेर गेली, मला एकट्याला ठेवून. तपकिरी कडं होतं तिथेच होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

दुपारी बाटली खाली गेली आणि भरून वर आली. तारवाल्याने ती स्वतः उचलून तिच्या हातात दिली.

रविवार, २२

पुन्हा तीच खोली, तेच पाच जण. उजेडाची रेघ सरळ. दाब उतरतोय. रेघ सरळ. मी मनात म्हटलं, चुना असेल तर चुना निघू दे, पण जे आहे ते निघू दे.

आणि रेघ वाकली. आधी जराशी, मग घसरली, मग धाडकन तळाला! खिडकीत अंधार. कुणीतरी "अरे!" म्हणालं, बहुधा मीच.

सूनबाई उड्या मारत नव्हती. तिने तेच तेल एका पेल्यात घेतलं, त्यात ॲसिडचे थेंब टाकले आणि काचेच्या कांडीने ढवळलं. ढवळता ढवळता कांडी जड झाली. बाहेर काढली तर तिला काळा गोळा, चिकट, लोंबता. तिने कांडी मोठ्या साहेबांच्या हातात दिली. त्यांनी तो गोळा कागदाने काढायला बघितला, मग बोटाने. बोट निघेना. दुसऱ्या हाताने सोडवायला गेले, तर तोही चिकटला.

"हे मी विहिरीत घालणार होतो," ते म्हणाले. ते हात तसेच धरून उभे होते. मग चिरंजीवांनी त्यांचे हात धुतले, झायलीनने.

दुसऱ्या पेल्यात तिने मी शुक्रवारी मोजून दाखवलं होतं त्या प्रमाणात झायलीन घातलं. काळं विरघळलं. कमी घातलं तर थोडं राहिलं. म्हणाली, सात नंबरला किती द्यायचं ह्याचा पहिला आकडा बाबांनी दिलाय. सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते फारसं आवडलं नाही, आणि आवडलंही.

शनिवार, २८

चिरंजीवांनी सात नंबरला झायलीन दिलं. नवराबायको दोघं तिथेच मुक्कामाला होते, एकाच डब्यातून जेवत. ठरलेला वेळ विहीर मिटवून ठेवली, मग उघडली. आज सकाळी तेल असं आलं की नळी थरथरत होती. तारवाल्याने हात लावून बघितलं आणि मान डोलावली. विहिरीची नाडी त्यालाच कळते बहुतेक.

मी आणि माझा रक्तदाब, दोघेही बरे.

सोमवार, ३०

मोठ्या साहेबांनी सूनबाईला दूरच्या क्षेत्रावर पाठवायचं ठरवलंय. तिथे अशाच आजारी विहिरी आहेत, त्यांचे नमुने हवेत. बाटली जाणार, ती जाणार. मी म्हटलं, खुशाल जा, घराकडे मी बघतो.

"तुम्ही माझ्याबरोबर येताय," ती म्हणाली.

"मी? अगं, माझ्यामुळे एवढा घोळ झाला. तिकडे तुला चांगली शिकलेली माणसं मिळतील बाटली धुवायला."

"बाटली धुणारे पुष्कळ मिळतील बाबा. मी चुकीची धुतली, असं येऊन सांगणारं माणूस मला दुसरं माहीत नाही."

मी उगाच खाकरलो आणि गाडी किती वाजता निघते ते विचारलं. आनंद एवढा झालाय की कुणाला सांगू असं झालंय, आणि भीतीही तेवढीच वाटतेय. बॅग माळ्यावरून काढलीय. रक्तदाबाचं यंत्र आधी ठेवलं. तिकडे थंडी असते म्हणे, स्वेटर एक पुरेल की दोन घ्यावेत, ते चिरंजीवांना विचारायचं राहिलंय.